पोस्टकार्डाएवढी फट : जुन्या इंजिनाच्या टिकटिकीचा इतिहास

१.
३० ऑक्टोबर २०२३. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी त्या दिवशी निवृत्त झाली. अखेरच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि शहरात टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची. निरोपाची छायाचित्रे पुष्कळ निघाली. पण त्या गाडीबरोबर शहरातून एक आवाजही गेला. सिग्नलला थांबल्यावर बॉनेटखालून येणारी टिक्-टिक्-टिक्. आजचा धागा त्या आवाजाविषयी.

२.
आवाजाला इतिहास असतो का? असतो. जुन्या मोटारीची टिकटिक म्हणजे निव्वळ जुनाटपणाची खूण नव्हे. ती अभियंत्यांनी जाणूनबुजून सोडलेल्या एका फटीची खूण आहे. ही फट मिटवण्यासाठी शंभर वर्षे खटपट झाली. आणि ती आहे तोवर तिचा अर्थ लावणारा कारागिरांचा एक वर्ग जगभर तयार झाला. या वर्गाची विद्या बहुतांशी कागदावर उतरलीच नाही.

३.
आधी यंत्र समजून घेऊ. १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटो याने चार स्ट्रोकचे इंजिन सिद्ध केले. हवा आणि इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे, अशी ही चार पावले. आत घेण्याला एक झडप, बाहेर टाकण्याला दुसरी. झडप योग्य क्षणी उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हे गणित लक्षात ठेवावे, पुढे रोगनिदानाला तेच उपयोगी पडणार आहे.

४.
कॅम आणि झडप यांच्यामधला निरोप्या म्हणजे टॅपेट. हा शब्द मोटारीहून जुना आहे. वाफेच्या इंजिनांत तो होता, कापडगिरण्यांतल्या मागांवरही होता. ज्या मागावर टॅपेट ताण्याचे धागे वरखाली करीत, तो टॅपेट लूम. त्यामुळे गिरणगावातल्या जॉबरला हा शब्द मोटारीच्या मिस्त्रीइतकाच परिचयाचा. पद्मिनीसारख्या इंजिनात साखळी अशी : कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडपेच्या दांड्याला खाली दाबतो.

५.
आता फट. तापले की लोखंड वाढते. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा तीनशे अंशांनी तापला, तर सुमारे ०.३६ मिलिमीटरने लांबतो. धूर बाहेर टाकणाऱ्या झडपेचे तोंड याहूनही पुष्कळ तापते. थंड इंजिनात सगळे भाग घट्ट बसवले, तर तापल्यावर लांबलेला दांडा झडपेला पुरते बंदच होऊ देणार नाही. म्हणून रॉकर आणि झडप यांच्यामध्ये थोडी जागा मोकळी सोडतात. जुन्या मोटारींत ती साधारण पाव मिलिमीटर, फार तर ०.४. म्हणजे एका पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास.

६.
ही जागा दर फेऱ्याला एकदा मिटते, आणि मिटताना धातू धातूवर आदळतो. टिक्. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट ४०० घेतो, आणि सैल झालेली एक झडप मिनिटाला ४०० वेळा वाजते. सेकंदाला सहा-सात टिचक्या. हा ठेका कानाला जवळजवळ मोजता येतो. इंजिनाच्या पूर्ण वेगाने, म्हणजे दुप्पट लयीत ठोका पडत असेल, तर दोष झडपांत नसून खाली पिस्टन, कनेक्टिंग रॉड किंवा बेअरिंग यांच्यात असण्याचा संभव अधिक.

७.
लयीवरून रोग ओळखण्याची ही रीत मोटारीच्या जन्माआधीची आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लायनेक या वैद्याने एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच टाळण्यासाठी कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास ते स्पष्ट ऐकू येते, हे त्याला ठाऊक होते. स्टेथोस्कोपचा जन्म तो हा. १८१९ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

८.
लायनेकचे खरे मोठेपण मात्र नळीत नाही. जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि शवविच्छेदनात दिसलेली विकृती यांची त्याने जोडी लावली. हा आवाज आला तर आत हे सापडते, असा कोश त्याने रचला. गॅरेजमधल्या मिस्त्रीने दुसरे काय केले? आधी आवाज ऐकला, मग इंजिन उघडले, झिजलेला भाग हातात घेतला आणि ती जोडी स्मरणात ठेवली. फरक एवढाच, की त्याचे इंजिन उघडल्यावर पुन्हा बसवून चालू करता येई. त्यामुळे निदान चुकले तर ते त्याच संध्याकाळी कळे.

९.
त्याचे साधनही तेच. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. घन धातूतून नाद थेट पोहोचतो, आजूबाजूचा गोंगाट गळून पडतो. रेल्वेतही चाकांवर हातोडी मारून नादावरून तडा ओळखणारे कामगार होते. यंत्रयुगाने माणसाचे कान बधिर केले, असे आपण वाचतो. पण काही कानांना त्याच युगाने असामान्य तीक्ष्णही केले.

१०.
आता फट मिटवण्याच्या खटपटीकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीचा आवाज ही मोठी तक्रार होती. झडपा आणि त्यांचे दांडे अनेक इंजिनांत उघडेच असत. म्हणून शांतता हीच श्रीमंतीची खूण ठरली. १९०७ मध्ये रोल्स-रॉइसने आपली चंदेरी गाडी १४,३७१ मैलांच्या चाचणीला उतरवली. तिचे नावच सिल्व्हर घोस्ट, म्हणजे चंदेरी भूत. भुताचा गुण हाच, की त्याची चाहूल लागत नाही.

११.
याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स येल नाइट हा गृहस्थ आपल्या मोटारीच्या खडखडाटाला विटला होता. तो अभियंता नव्हता, दुग्धव्यवसायाविषयीचे नियतकालिक चालवणारा प्रकाशक होता. त्याने प्रश्न मुळापासून बदलला : झडपा वाजतात, तर झडपाच नकोत. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये सरकणाऱ्या दोन नळ्या त्याने बसवल्या. नळ्यांतली भोके एकमेकांसमोर आली, की वाट उघडे. कॅम नाही, स्प्रिंग नाही, टिकटिकही नाही.

१२.
१९०६ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात हे इंजिन 'सायलेंट नाइट' या नावाने मांडले गेले. १९०८ मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ते स्वीकारले. पुढे बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सची पॅनहार्ड, अमेरिकेत विलीज-नाइट अशी परंपरा चालली. पण या शांततेची किंमत होती. सरकणाऱ्या नळ्यांना वंगण भरपूर लागे, तेल जळे, आणि गाडीच्या मागे निळसर धुराची रेघ राही. बनवायलाही ते महाग पडे. १९३० च्या दशकात हा प्रवाह आटत गेला.

१३.
त्याच काळात लाखो गाड्या खुशाल वाजत धावत होत्या. १९०८ ते १९२७ या वर्षांत दीड कोटींवर निघालेली फोर्ड मॉडेल टी हे ठळक उदाहरण. तिच्या टॅपेटना जुळवणीचा स्क्रूच नव्हता. फट कमी झाली तर झडपेच्या दांड्याचे टोक घासून ती वाढवायची. सामान्य माणसाच्या मोटारीत शांततेपेक्षा दुरुस्तीची सोय महत्त्वाची होती, हे यावरून दिसते.

१४.
१९३० च्या जानेवारीत कॅडिलॅकने सोळा सिलिंडरांचे इंजिन आणले. त्यात फट भरून काढण्याचे काम तेलाकडे सोपवले होते. तेलाच्या दाबावर चालणारा एक लहानसा भाग स्वतःच लांबी कमी-जास्त करून भागांमधली मोकळी जागा शून्यावर ठेवी. हाच विचार पुढे हायड्रॉलिक टॅपेट म्हणून रुळला. १९८० च्या दशकापर्यंत तो अनेक मध्यम किमतीच्या गाड्यांतही पोहोचला.

१५.
अशा इंजिनाचे रोगनिदान वेगळे. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर क्षणभर टिकटिक झाली आणि तेलाचा दाब चढताच थांबली, तर चिंता नको. गरम झाल्यावरही ती चालू राहिली, तर तेल कमी आहे, घाण झाले आहे किंवा टॅपेटमधला तेलाचा मार्ग तुंबला आहे, असे समजावे. तिथे पान्याने जुळवण्यासारखे काही नसते. म्हणून कोणत्याही टिकटिकीसाठी पहिला नियम एकच : बॉनेट उघडा आणि डिपस्टिक बाहेर काढा. तेलाची पातळी पाहिल्याशिवाय पाना उचलू नका.

१६.
आता भारतात येऊ. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटचे ११०० हे मॉडेल इथे आले आणि १९७० च्या दशकात तेच पद्मिनी झाले. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचा मूळ आराखडा १९३७ च्या फियाटचा. म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वी तुरिनमध्ये कागदावर उतरलेली फट एकविसाव्या शतकात दादरच्या सिग्नलला वाजत होती.

१७.
आयातीवर निर्बंध, नव्या मॉडेलांची वानवा, गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. या परिस्थितीला आपण मागासलेपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण तिचा एक परिणाम फारसा कुणी नोंदवत नाही. तेच इंजिन चाळीस-पन्नास वर्षे समोर आल्यामुळे त्याचा प्रत्येक आवाज मिस्त्रींना तोंडपाठ झाला. गुरूने एकदा ऐकवलेला नाद शिष्याला आयुष्यभर पुरे. यंत्र बदलत नव्हते, म्हणून कान पक्के होत गेले.

१८.
ही विद्या कशी चाले ते पाहा. गाडी आली, की आधी प्रश्न : आवाज थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? थंडीत येऊन गरम होताच नाहीसा झाला, तर संशय धुराच्या मार्गावर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातून वायू फुसफुसतो, तो आवाज थेट टॅपेटसारखा येतो. लोखंड तापून फुगले, की जोड बंद होतो आणि आवाजही. अशा गाडीचे टॅपेट कितीही वेळा सेट केले तरी उपयोग शून्य.

१९.
मग जागा शोधायची. आवाज वरच्या झाकणाखालून येत असेल, तर झडपा. बाजूने येत असेल, तर कॅमवर चालणारा पेट्रोल पंपही असू शकतो, कारण त्याचा दांडाही टिकटिकतो. सैल स्पार्क प्लगमधून दाब निसटला तरी टिचकी ऐकू येते. प्लगची तार चिरली असेल, तर ठिणगी बाहेर उडते आणि तिचाही चट्-चट् आवाज येतो. ती अंधारात डोळ्यांना दिसते, म्हणून काही गाड्या मिस्त्री मुद्दाम रात्री तपासायला बोलावी.

२०.
पुढची परीक्षा प्लगची. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत एकेका सिलिंडरच्या प्लगची जोडणी क्रमाने तोडायची. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबतो आणि कनेक्टिंग रॉडवरचा भार उतरतो. ठोका तेवढ्यात मंदावला, तर बेअरिंग गेले, इंजिनकाम निघाले. काही फरक पडला नाही, तर आवाज झडपांचा. कुटुंबाच्या महिन्याच्या कमाईचा प्रश्न या एका परीक्षेवर ठरे. टॅपेट सेटिंग तासाभराचे काम, इंजिनकाम म्हणजे टॅक्सी कित्येक दिवस उभी. आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांवर हा प्रयोग मात्र करू नये. त्यात महागडे भाग जळू शकतात.

२१.
फट मोजायला फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला नऊचा नियम लागू पडे. आठ झडपांपैकी पहिली पूर्ण उघडली असेल तेव्हा आठवी जुळवायची, तिसरी उघडली असेल तेव्हा सहावी. दोहोंची बेरीज नेहमी नऊ. ज्याने शाळेत गणिताचा धसका घेतला होता, तोही गॅरेजमध्ये ही बेरीज चुकत नसे.

२२.
पण पट्टीही फसवते. वर्षानुवर्षे आदळून रॉकरच्या टोकाला बारीक खळगा पडतो. सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी बसते आणि खालची पोकळी मोजलीच जात नाही. माप बरोबर येते, टिकटिक मात्र तशीच राहते. अननुभवी हात मग स्क्रू आणखी आवळतो. इथेच सगळ्यात मोठी चूक घडते.

२३.
कारण फट संपली, की आवाज संपतो, आणि झडप मरायला लागते. झडप आपल्या बैठकीवर टेकते तेव्हाच तिची उष्णता बैठकीतून सिलिंडर हेडमध्ये उतरते. टेकायलाच मिळाले नाही, तर जळते वायू तिच्या कडेवरून धावतात आणि कड वितळत जाते. म्हणून जाणता मिस्त्री हलक्या, एकसारख्या टिकटिकीला भीत नसे. कुठलीही दुरुस्ती न करता एखादे जुने इंजिन आपोआप शांत झाले, की तो सावध होई.

२४.
या भीतीला पेट्रोलच्या इतिहासाने नवे कारण दिले. १९२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली याला असे आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळले तर इंजिनाचे नॉकिंग थांबते. नॉकिंग म्हणजे इंधन अवेळी भडकल्याने होणारा खणखणाट. हा टिकटिकीहून वेगळा, चढावर आणि भाराखाली उमटणारा आवाज. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीला आले.

२५.
हा आवाज दाबण्याची किंमत माणसांनी मोजली. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही शिसे अनेक दशके जगभरच्या हवेत मिसळत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झाले. जगातला अखेरचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

२६.
शिशाचा एक उपकार मात्र जुन्या इंजिनांवर होता. त्याचा पातळ थर झडपेच्या बैठकीचे रक्षण करी. तो गेल्यावर मऊ बिडाच्या बैठका असलेल्या जुन्या इंजिनांत, विशेषतः भरधाव आणि जड कामात, झडप हळूहळू बैठकीत रुतू लागते. झडप वर सरकते, फट कमी होते, टिकटिक मंद होत जाते. मालक खूश होतो, गाडी सुधारली म्हणतो. ती आतून जळत असते. उपाय आहे : कठीण पोलादाच्या बैठका बसवणे. पण त्या शांततेचा अर्थ आधी कुणीतरी सांगावा लागतो.

२७.
पुढे काळ बदलला. मारुती ८०० लाही जुळवणीचे स्क्रू होते, म्हणून फिलर गेज काही वर्षे टिकून राहिले. मग हायड्रॉलिक टॅपेट, फ्युएल इंजेक्शन आणि संगणक आले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ठरावीक पद्धतीची निदानव्यवस्था सक्तीची झाली. नॉकिंग ऐकायला आता इंजिनावरच एक संवेदक बसवलेला असतो. तो कानच आहे, फक्त कुणाशी बोलत नाही. गंमत अशी, की आजच्या निरोगी गाडीतही टिकटिक ऐकू येते. ती इंजेक्टरची असते.

२८.
या प्रगतीविषयी गळा काढण्याचे कारण नाही. पद्मिनीचा धूर, तिचे अडखळणे आणि चालकाने उन्हात रस्त्याच्या कडेला काढलेले तास विसरून स्मरणरंजन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने एक हिशेब मांडला पाहिजे. गाडी संग्रहालयात ठेवता येते, तिची कागदपत्रे अभिलेखागारात जपता येतात. पण बंद इंजिन मुके असते. कोणता आवाज कोणत्या झिजेचा, हे ज्ञान ना गाडीत आहे, ना कागदात. ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या काही कारागिरांच्या कानांत आहे.

२९.
ताम्रपटाचा पत्रा आणि मोडी दप्तराची पाने जपताना आपण ती वाचणाऱ्यांनाही जपतो, कारण वाचणाराच उरला नाही, तर दप्तर नुसती रद्दी. यंत्रांचेही तसेच आहे. तुमच्या गावात, पेठेत, नाक्यावर एखादे जुने गॅरेज असेल, तर एक दुपार तिथे घालवा. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करा. आधी इंजिनाचा आवाज टिपा, मग मिस्त्रींना विचारा, "काका, हे काय वाजतंय?" आणि त्यांचे उत्तरही टिपा. दोन्ही एकत्र असतील, तरच तो दस्तऐवज होईल.

३०.
दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनापासून मुंबईच्या अखेरच्या पद्मिनीपर्यंत आलेला हा इतिहास पोस्टकार्डाएवढ्या जागेत मावतो. ती जागा कुणी चुकून सोडलेली नव्हती. तापल्यावर धातूला अंग पसरता यावे, म्हणून ती होती. पुढच्या वेळी एखादी जुनी गाडी शेजारी येऊन थांबली, तर क्षणभर कान द्या. ठेका संथ आणि एकसारखा असेल, तर तिची झडप अजून बैठकीवर टेकते आहे.